रक्तवाहिन्या आधी बिघडतात की नंतर, हे विचारूनच होकार द्या

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी माझी जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी. पूर्ण झाली. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली तर रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींवर काय परिणाम होतो, हा माझा विषय होता आणि सगळे काम कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर बशीत, वाढवलेल्या पेशींवर झाले. आता पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनकामासाठी, मला दोन ठिकाणांहून विचारणा आहे. युरोपातील एका विद्यापीठात, अल्झायमर या स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या आजारात मेंदूच्या केशवाहिन्या आणि त्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशी कशा बिघडतात, याचा जिवंत उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने अभ्यास करायचा आहे. करार दोन वर्षांचा आहे. दुसरे काम बंगळुरूच्या एका संस्थेत आहे. तिथे ज्येष्ठ नागरिकांचे एमआरआय, रक्तदाब, साखर आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घेतल्या जातात. माझ्या ७८ वर्षांच्या आजीला स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टरांनी ‘मिश्र स्वरूपाचा’ असे लिहून दिले आहे. तिचे सगळे आईच करते. वडील म्हणतात, इतकी वर्षे शिकलीस, आता इथेच एखाद्या कॉलेजात लाग. पोस्टडॉक म्हणजे त्यांच्या मते पुन्हा तात्पुरती नोकरी. त्यांना स्वतःला रक्तदाबाचा त्रास आहे, पण गोळ्या ते आठवतील तेव्हा घेतात. हा विषय खरोखर भक्कम आहे की सध्याची लाट आहे? दोन्हींपैकी कोणते काम निवडावे? आजीला या अवस्थेत सोडून जाणे योग्य होईल का? शिवाय माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले असल्याने तिकडच्या मुलाखतीची धास्ती वाटते.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तरी माझा कल आधी सांगते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला तो तपासता येईल. तुम्ही युरोपातील काम स्वीकारावे असे मला वाटते, पण एका अटीवर. करारावर सही करण्यापूर्वी त्या लॅबच्या प्रमुखांना एक प्रश्न लेखी विचारा : अल्झायमरमध्ये रक्तवाहिन्यांचा बिघाड आधी होतो असे आपण मानत असाल, तर कोणत्या प्रयोगाचा कोणता निकाल आला म्हणजे आपण हे मत सोडाल? या प्रश्नाला ज्यांच्याकडे नेमके उत्तर आहे, त्यांच्याकडे जा. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या लॅबची कीर्ती कितीही मोठी असली तरी जाऊ नका. मी एवढा आग्रह का धरते हे समजण्यासाठी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे विषय भक्कम आहे की नाही याकडे, थोडे सविस्तर पाहावे लागेल.

वजनाने मेंदू शरीराच्या सुमारे २ टक्के असतो, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा वापरते त्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो, आणि स्वतःजवळ साठा म्हणून जवळजवळ काहीच ठेवत नाही. त्यामुळे क्षणाक्षणाला जे लागेल ते रक्तानेच पोहोचवावे लागते. मानवी मेंदूतील रक्तवाहिन्या सलग जोडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते असा अंदाज आहे, म्हणजे साधारण कोल्हापूरहून बंगळुरूला जाणाऱ्या रस्त्याइतकी. आणि त्यातला बहुतेक भाग एका तांबड्या रक्तपेशीला जेमतेम वाट देणाऱ्या केशवाहिन्यांचा असतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो त्याच भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, ही कल्पना रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच मांडली होती. मेंदूतील रक्तवाहिन्या इतर अवयवांतल्यासारख्या नाहीत, हे त्याहूनही आधी लक्षात आले होते. पॉल एर्लिश यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा बाकीचे अवयव रंगले, पण मेंदू तसाच राहिला. त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी १९१३ मध्ये तसाच एक रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामधला हा अडसर नेमका कुठे आहे, ते १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले : तो अस्तराच्या पेशींच्या घट्ट जोडांमध्ये आहे. म्हणजे ज्या पेशींवर तुम्ही पीएच.डी.ची वर्षे घालवली, त्यांच्याच मेंदूतल्या भावंडांमध्ये. त्यामुळे, आपण परक्या विषयात उडी मारतो आहोत, ही जी भीती तुमच्या पत्रात ओळींच्या मागे जाणवते, ती निम्मी तरी मनातून काढून टाका.

अल्झायमर या आजाराच्या पहिल्या वर्णनातही रक्तवाहिन्या आहेत. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या रुग्ण स्त्रीची माहिती सभेत सांगितली आणि १९०७ मध्ये ती छापली. त्या वर्णनातील चेतापेशींमधले गुंते आणि बाहेरचे साठे पुढे जगप्रसिद्ध झाले. पण मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये काठिण्य आले होते, ही नोंदही त्याच लेखात आहे, आणि ती बराच काळ मागे पडली. १९९२ मध्ये अमायलॉइड हे प्रथिन साठणे हेच आजाराचे मूळ, असे गृहीतक ठामपणे मांडले गेले आणि त्यानंतर निधी, औषधकंपन्या आणि तरुण संशोधक यांचा ओघ मुख्यतः तिकडे गेला. १९९३ मध्ये, मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी होणे हेच मूळ असावे, असेही मांडले गेले होते, पण त्याकडे लक्ष जायला वेळ लागला. तेव्हा तुम्ही ‘लाट’ म्हणता ती खरीच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयाकडे येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. मात्र लाट आली म्हणून प्रश्न उथळ ठरत नाही. इथला मूळ प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि अजून सुटलेला नाही.

तो प्रश्न असा : रक्तवाहिन्या बिघडतात म्हणून चेतापेशी मरतात, की चेतापेशींचा आजार वाढला म्हणून रक्तवाहिन्या बिघडतात, की वय, रक्तदाब आणि साखर यांमुळे दोन्ही शेजारी शेजारी बिघडत जातात? यातला प्रत्येक पर्याय कुठे ना कुठे खरा ठरलेला आहे, आणि म्हणूनच विषय अवघड आहे. कॅडासिल नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. नॉच-३ या जनुकातील दोषाने तो होतो, हे १९९६ मध्ये समजले. हे जनुक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशी आणि पेरिसाइट यांच्यात काम करते, चेतापेशींत नाही. तरीही अशा रुग्णांना मध्यम वयातच पक्षाघाताचे झटके येतात आणि पुढे स्मृतिभ्रंश होतो. म्हणजे निव्वळ रक्तवाहिन्यांच्या दोषाने मेंदू निकामी होऊ शकतो, याबद्दल शंका उरत नाही. आता उलट बाजू पाहा. अमायलॉइडचे मूळ प्रथिन ज्या जनुकावरून बनते, त्यातला एक विशिष्ट दोष नेदरलँड्समधील काही कुटुंबांत आढळतो. त्यांच्यात अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठते, भिंती ठिसूळ होतात आणि मेंदूत रक्तस्राव होतो. इथे प्रथिन आधी आणि रक्तवाहिनी नंतर. आणि तुमच्या आजींसारख्या सर्वसाधारण वृद्ध रुग्णांमध्ये, मृत्यूनंतर मेंदू तपासला असता, अनेकदा दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात. डॉक्टरांनी ‘मिश्र स्वरूपाचा’ असे लिहिले, ते निदान टाळण्यासाठी लिहिले असे कुणी म्हणाले तर मनावर घेऊ नका. या वयात तेच चित्र सर्वांत जास्त आढळते.

पेरिसाइटच्या बाबतीत तर संशोधकांचे मतभेद अगदी ताजे आहेत आणि ते तुम्ही जाण्यापूर्वी मुळातून वाचले पाहिजेत. केशवाहिनीला कवटाळून बसलेल्या या पेशी रूजे यांनी १८७० च्या दशकात पाहिल्या आणि झिमरमान यांनी १९२३ मध्ये त्यांना पेरिसाइट हे नाव दिले. त्या आकुंचन-प्रसरण पावून रक्ताचा ओघ बदलतात का, यावर २०१४ मध्ये लंडनच्या गटाने सहकाऱ्यांसह ‘होय’ म्हटले आणि २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने ‘नाही, हे काम स्नायुपेशींचे आहे’ असे म्हटले. पुढे ध्यानात आले की वादाचा एक मोठा भाग नेमक्या कोणत्या पेशीला पेरिसाइट म्हणायचे यावर होता. धमनिकेजवळच्या (म्हणजे बारीक धमनीजवळच्या) आणि खोल केशवाहिन्यांवरच्या पेशी दिसायला आणि वागायला वेगळ्या आहेत : पहिल्या चटकन आकसतात, दुसऱ्या फार सावकाश. त्यानंतर २०१९ मध्ये दोन महत्त्वाची कामे आली. एकात असे दिसले की अमायलॉइडमुळे पेरिसाइट आकसतात आणि त्या ठिकाणी केशवाहिनी अरुंद होते. दुसऱ्यात, कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने दाखवले की अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांच्या मेंदूत सुमारे २ टक्के केशवाहिन्यांमध्ये पांढऱ्या पेशी अडकून रक्त थांबलेले असते, आणि त्या पेशी हटवल्या की रक्ताचा ओघ वाढतो आणि उंदरांची स्मरणशक्ती काही तासांतच सुधारलेली दिसते. २ टक्के हा आकडा छोटा वाटेल, पण एक केशवाहिनी थांबली की तिच्या पुढच्या जोडवाहिन्यांतलाही ओघ मंदावतो, त्यामुळे एकूण परिणाम त्याहून बराच मोठा होतो. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण त्यात संशोधक नुसते पाहत बसले नाहीत. त्यांनी बिघाड दूर करून पाहिला आणि काय बदलते ते मोजले.

आता माझी अट तुम्हाला पटेल. या विषयात नुसती छायाचित्रे काढून ‘आजारी उंदरात पेरिसाइट कमी दिसल्या’ असे सांगणारे पेपर भरपूर आहेत, आणि दोन वर्षांच्या करारात तसा एखादा पेपर तुमच्याही नावावर सहज होईल. पण त्यातून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. ज्या लॅबमध्ये बिघाड मुद्दाम घडवणे, तो वेळेत थांबवणे आणि आजार सुरू होण्याच्या आधीपासून त्याच प्राण्याला पुन्हा पुन्हा पाहणे अशी कामाची रीत आहे, तिथे तुम्हाला शिकण्यासारखे आहे. त्या गटाचे मागच्या पाच-सहा वर्षांतले पेपर याच दृष्टीने वाचा. त्यांच्या लाडक्या कल्पनेच्या विरुद्ध गेलेला एखादा निकाल त्यांनी कधी प्रसिद्ध केला आहे का, हे शोधा. तसा एक जरी सापडला तरी ते शुभ लक्षण माना. मग लॅब सोडून गेलेल्या एक-दोन पोस्टडॉकांना थेट पत्र लिहा आणि विचारा की प्रकल्पाचा कोणता भाग त्यांना बरोबर नेऊ दिला, पहिल्या लेखकाचे नाव कसे ठरले, आणि अपेक्षेविरुद्ध निकाल आल्यावर प्रमुख कसे वागले. या चौकशीत संकोच नको. ती तिकडे रीतीचीच मानली जाते.

उंदरांच्या मर्यादाही डोळ्यांसमोर असू द्या. माणसाच्या मेंदूत पांढऱ्या द्रव्याचा, म्हणजे चेतापेशींना जोडणाऱ्या तंतूंच्या भागाचा, वाटा जवळजवळ निम्मा आहे आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे सर्वांत जास्त नुकसान तिथेच दिसते. उंदराच्या मेंदूत पांढरे द्रव्य फारच थोडे असते. शिवाय कवटीत काचेची खिडकी बसवून सूक्ष्मदर्शकाने जे दिसते ते मुख्यतः मेंदूच्या वरच्या थरांतले असते. म्हणून प्रमुखांना हेही विचारा की मानवी ऊतींशी किंवा मानवी एमआरआयशी आपले निष्कर्ष ते कसे ताडून पाहतात. ‘आमचा अमुक रुग्णालयाशी संबंध आहे’ एवढे मोघम उत्तर पुरेसे नाही. कोण, कोणत्या ऊती, किती काळापासून, हे कळले पाहिजे.

तुमच्या हाताशी काय आहे याचाही विचार करू. साखर आणि अस्तराच्या पेशी हा तुमचा विषय मेंदूत नेला तर एक वेगळाच पेच समोर येतो. मेंदूच्या केशवाहिन्यांचे अस्तर ग्लूट-१ या वाहक प्रथिनातून ग्लुकोज आत घेते आणि त्याला इन्सुलिनची गरज लागत नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील केशवाहिन्यांमध्ये हे वाहक प्रथिन कमी झालेले असते, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीसच दिसले होते. मग वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेला सामोरे गेलेले अस्तर आणि या वाहकाची घट यांचे नाते काय, हा प्रश्न तुम्ही जितक्या तयारीने विचारू शकाल तितक्या तयारीने मेंदूशास्त्रातूनच आलेला माणूस विचारू शकणार नाही. मात्र कल्चरवरचा विश्वास थोडा सैल करा. मेंदूतून काढलेल्या अस्तरपेशी बशीत वाढवल्या की आपले खास गुण लवकर गमावतात. मूळ पेशींपासून (स्टेम सेल) तयार केलेल्या आणि बरीच वर्षे वापरात असलेल्या ‘मेंदूच्या अस्तरपेशी’ खरे तर रक्तवाहिन्यांच्या नव्हे, तर एपिथेलियल (त्वचा-आतड्यांच्या आवरणासारख्या) जातीच्या आहेत, असे २०२१ मध्ये दाखवले गेले आणि अनेक जुन्या निष्कर्षांचा फेरविचार करावा लागला. जिवंत प्राण्याच्या मेंदूत काम करायला शिकणे तुमच्यासाठी इतके महत्त्वाचे का, याचे हेच कारण आहे.

बंगळुरूच्या कामाला मी दुय्यम मानत नाही. माणसांना वर्षानुवर्षे पाहत राहिल्याशिवाय आधी काय बिघडले हे माणसांत कळणारच नाही, आणि आपल्या देशातील रक्तदाब, मधुमेह, आहार आणि शिक्षणाची स्थिती पाश्चात्त्य देशांतील गटांपेक्षा इतकी वेगळी आहे की त्यांचे आकडे आपल्याला सरसकट लावता येत नाहीत. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर भागात ग्रामीण ज्येष्ठांचा असा दीर्घ अभ्यास चालू आहे. देशभरच्या एका पाहणीतून ६० वर्षांवरील भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम कुणीतरी केलेच पाहिजे. पण असे अभ्यास दशकभर आणि त्याहून जास्त चालतात. तुम्ही तीन-चार वर्षांनी परत आलात तरी ते चालू असतील आणि तोवर त्यांतली माहिती अधिक समृद्ध झालेली असेल. उलट, जिवंत मेंदूत शस्त्रक्रिया करून केशवाहिनीतील एकेक रक्तपेशी मोजण्याचे कौशल्य हातात बसायला महिनोन्‌महिने लागतात, आणि ते पीएच.डी.नंतरच्या पहिल्या वर्षांतच शिकून घेतलेले बरे. म्हणून माझा क्रम आधी युरोप आणि मग परत, असा आहे. बंगळुरूच्या प्रमुखांना मोघम नकार कळवू नका. खरे कारण सांगा, संपर्क ठेवण्याची परवानगी मागा, आणि उंदरात जे सापडेल ते त्यांच्याकडच्या एमआरआयमध्ये पडताळता येईल का, असे आतापासूनच विचारून ठेवा. युरोपातून समाधानकारक उत्तर आले नाही, तर मात्र बंगळुरूला मनापासून जा. ती माघार ठरणार नाही.

कराराविषयी एक व्यवहाराची गोष्ट. प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी, शस्त्रक्रियेचे शिक्षण आणि उंदरांचे वय वाढण्याची वाट पाहणे यांतच पहिले वर्ष जाऊ शकते, त्यामुळे दोन वर्षे अपुरी पडतील. तिसऱ्या वर्षाच्या पगाराचे काय, हे आधीच लेखी विचारा. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी फेलोशिपसाठी प्रमुखांच्या बरोबरीने अर्ज करता येतो. तिची एक अट अशी की, अर्जाच्या मुदतीपूर्वीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या नसाव्यात. म्हणजे तिथे पोहोचून स्थिरावल्यावर सावकाश अर्ज करू म्हणाल तर संधी हातची जाईल. परत येताना केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप उपयोगी पडते, कारण ती परदेशात काम केलेल्या भारतीय संशोधकांना परत आणण्यासाठीच आहे.

वडिलांची काळजी मला रास्त वाटते आणि तुम्ही तिला जुनाट विचार म्हणून बाजूला सारू नये. पोस्टडॉक ही तात्पुरती नोकरी असतेच, आणि तिच्या शेवटी कायमची जागा मिळेलच याची हमी कुणी देत नाही. ३१ व्या वर्षी घरातून पाठिंबा मागताना त्यांच्यासमोर मुदत ठेवा : अमुक वर्षापर्यंत मी हे करीन, तोवर पुढची फेलोशिप किंवा जागा मिळाली नाही तर अध्यापनाकडे किंवा उद्योगाकडे वळेन. प्रतिमांचे विश्लेषण, संगणकीय भाषा आणि संख्याशास्त्र या काळात पक्के करून घ्या. हे कौशल्य कुठल्याही वाटेवर उपयोगी पडते, आणि वडिलांनाही त्यातला व्यवहार दिसेल.

पण वडिलांशी आणखी एका गोष्टीबद्दल बोला, आणि ती तुमच्या नोकरीपेक्षा तातडीची आहे. तुमच्या विषयातून आज, या क्षणी, तुमच्या घरात ज्यांना सर्वांत जास्त लाभ होऊ शकतो ते तुमचे वडील आहेत. मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब पुढच्या स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो, हे आता चांगले प्रस्थापित आहे. अमेरिकेत ९,३६१ लोकांवर झालेल्या स्प्रिंट चाचणीचा स्मरणशक्तीविषयीचा निकाल २०१९ मध्ये आला. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशातील फरक मात्र निर्णायक म्हणण्याइतका नव्हता, आणि मधुमेहाचे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, हे तुमच्यासारखीने विसरू नये. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ते सगळे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि ऐकू कमी येणे आहे. आपल्याकडे जेवणात मीठ कमी नसते, आणि पापड, लोणचे, फरसाण, भडंग ही त्यावरची भर. गोळी विसरण्याचे एक साधे कारण असते की रक्तदाब दुखत नाही. घरी दंडावरचे चांगले यंत्र आणा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बसून मोजून आकडे वहीत लिहायला लावा आणि ती वही त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही जाण्यापूर्वी ही सवय लागली तर तुमच्या सगळ्या शिक्षणाचा एक उपयोग त्यांच्या प्रत्यक्ष पदरात पडेल.

आजींविषयी स्पष्ट लिहिते, कारण इथे दिलासा देण्यासाठी खोटे बोलणे मला बरे वाटत नाही. तुमच्या संशोधनाचे फळ त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्यांच्यासाठी म्हणून हे काम निवडू नका. तसे केलेत तर प्रत्येक फसलेल्या प्रयोगाचे ओझे दुप्पट वाटेल. तुम्ही विचारलेले नाही, पण नात या विषयात काम करते म्हटल्यावर नातेवाईक नवीन इंजेक्शनांबद्दल विचारतीलच. मेंदूतले अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १८ महिन्यांच्या चाचणीत त्याने घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला, पण ते आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहे. शिवाय औषध घेतलेल्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली, औषध न दिलेल्या गटात ती १.७ टक्के होती, आणि सूक्ष्म रक्तस्रावांचे प्रमाणही जास्त होते. अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साठलेले असते आणि ते काढून घेताना भिंती गळू लागतात, हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. मिश्र स्वरूपाच्या आजारात, ७८ व्या वर्षी, या वाटेला जाण्याचा विचार न्यूरॉलॉजिस्टच्या स्पष्ट सल्ल्याशिवाय करू नये.

आजींसाठी करण्यासारखे आहे ते घरगुती आणि रोजचे. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. ऐकू येते का ते तपासा. झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांच्या नजरेखालून घाला, कारण त्यातल्या काही गोळ्या गोंधळ वाढवतात. त्यांचा रक्तदाब किती ठेवायचा हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. या वयात तो फार उतरला तर उठताना तोल जाऊन पडण्याची भीती असते. एकाएकी, दोन-तीन दिवसांत, गोंधळ वाढला तर ‘आजार वाढला’ असे मानून घरी थांबू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणे किंवा नवीन औषध हे कारण असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

आणि आई. तुमच्या पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे, पण तुम्ही जाण्याचा खरा भार त्यांच्यावर येणार आहे. तुम्ही गेलात तर आजींना नात दिसणार नाही, आणि आईंना तर रात्री उठायला दुसरे कुणी उरणार नाही. म्हणून परवानगी मागायची ती आधी आईंकडे. दिवसातले काही तास येणाऱ्या एखाद्या मावशींची सोय तुमच्या पगारातून करता येते का ते पाहा. काका-आत्या असतील तर वर्षातले ठरावीक आठवडे कोण येऊन राहणार, हे त्यांच्या तोंडून आधी ठरवून घ्या. आईंच्या झोपेची आणि तब्येतीची चौकशी आजींच्या चौकशीइतकीच नेमाने करा. ही व्यवस्था उभी राहिली तर तुमचे जाणे योग्य आहे, असे मी निःसंकोच म्हणते. ती उभी राहत नसेल तर लॅबप्रमुखांकडे रुजू होण्याची तारीख काही महिने पुढे मागा. कौटुंबिक कारणासाठी अशी मुदत मागणे तिकडे वावगे समजले जात नाही.

मुलाखतीची धास्ती सरावाने जाते. आपल्या विद्यापीठातल्या जुन्या विभागात विनंती करून पीएच.डी.च्या कामावर अर्ध्या तासाचे व्याख्यान इंग्रजीत द्या आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड प्रश्न विचारायला सांगा. ऑनलाइन मुलाखतीत एखादा प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारायला सांगा, आणि उत्तर देताना छोटी वाक्ये वापरा. तिथे बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते, त्यामुळे उच्चारापेक्षा तुम्ही स्वतःच्या निकालांतली कमकुवत जागा स्वतःहून दाखवता का, याकडे त्यांचे लक्ष असेल. लॅबप्रमुखांना लिहायचा तो प्रश्न याच आठवड्यात पाठवा, म्हणजे मुलाखतीच्या दिवशी बोलायला सुरुवात तुमच्याच प्रश्नापासून होईल.